सुई पोटात, जोखीम कोणाच्या पदरात?

गर्भजल परीक्षण हा शब्द शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कुठल्याही गावात उच्चारला, की ऐकणारा आधी आवाज खाली आणतो. "म्हणजे मुलगा की मुलगी ते बघायचं ना? ते तर बंद झालं," असे उत्तर येते. काही जण तर आम्हालाच सावध करतात, "असलं काही बोलू नका, केस होते."

लोकांचे काही चुकत नाही. या शब्दाचा महाराष्ट्रातला इतिहासच तसा आहे. गर्भातल्या बाळाचे आजार ओळखण्यासाठी आलेली ही चाचणी १९८० च्या दशकात मुंबईत उघडपणे मुली नाकारण्यासाठी वापरली गेली. स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध मोहीम उभी केली. त्या रेट्यातून १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. हे आम्ही सभांमधून सांगत आलो आहोत आणि पुढेही सांगत राहू.

पण या लढाईत एक प्रश्न मागे पडला. कायद्याने लिंगनिदानावर बंदी घातली, चाचणीवर नाही. काही ठराविक आजारांसाठी ती आजही कायदेशीर आहे, मोठ्या रुग्णालयांत रोज होते, आणि आपल्या वस्त्यांतल्या बायकांनाही ती सांगितली जाते. पोटात सुई घालून केल्या जाणाऱ्या या चाचणीत आईला आणि बाळाला काय धोका आहे, हे तिला कोण सांगते? कोणत्या भाषेत सांगते? आणि ती जोखीम प्रत्यक्षात कोणाच्या पदरात पडते? या प्रश्नांवर आपल्या चळवळीत जवळजवळ बोललेच जात नाही. म्हणून हा लेख.

सुई नेमकी काय करते

आधी चाचण्या समजून घेऊ. आई किंवा बाळाच्या शरीरात सुई वा नळी घालून बाळाच्या पेशी किंवा रक्त काढावे लागते, अशा चाचण्या मुख्यतः तीन आहेत.

पहिली, वारेच्या पेशींची तपासणी. डॉक्टर तिला सीव्हीएस म्हणतात. साधारण अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान, पोटातून सुईने किंवा योनीमार्गातून नळीने वारेचा बारीकसा तुकडा काढतात. दुसरी, गर्भजल परीक्षण, म्हणजे अॅम्निओसेंटेसिस. पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर पोटातून सुई घालून बाळाभोवतीचे थोडेसे पाणी काढतात. तिसरी, नाळेतून बाळाचे रक्त काढणे, म्हणजे कॉर्डोसेंटेसिस. ही साधारण अठरा आठवड्यांनंतर आणि फार क्वचित करतात. तिन्हींमध्ये सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई पुढे न्यायची असते. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.

धोक्यांत सगळ्यात मोठा धोका गर्भपाताचा. डेन्मार्कमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार हजार सहाशेहून अधिक स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. ज्यांचे गर्भजल काढले त्यांच्यात गर्भ गमावण्याचे प्रमाण शंभरात सुमारे एकाने जास्त निघाले. नंतर सोनोग्राफीची यंत्रे सुधारली, डॉक्टरांचा हात बसला. आता अनुभवी डॉक्टरांच्या हातून गर्भजल परीक्षण किंवा वारेची तपासणी झाली, तर त्यामुळे होणाऱ्या जादा गर्भपाताचे प्रमाण दोनशेत एकाहून कमी मानले जाते. नाळेतून रक्त काढण्यात ते शंभरात एक ते दोनच्या घरात जाते.

बाकीचे धोकेही नावानिशी माहीत असले पाहिजेत. सुई काढल्यावर काही जणींचे पाणी झिरपते. बहुतेकींचे ते आपोआप थांबते, पण थांबले नाही तर गर्भ धोक्यात येतो. रक्तस्राव होऊ शकतो. गर्भपिशवीत जंतुसंसर्ग होऊ शकतो. तो हजारात एकीपेक्षाही कमी जणींना होतो, पण झालाच तर आईच्या जिवावर बेततो. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर सुईमुळे बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळून पुढच्या बाळंतपणातल्या बाळालाही धोका होतो. त्यासाठी बहात्तर तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते. आईला एचआयव्ही किंवा बी प्रकारची कावीळ असेल, तर लागण बाळापर्यंत जाण्याची शक्यता असते. म्हणून ते रक्त आधी तपासायचे असते.

घाई हाही धोकाच आहे. पंधरा आठवड्यांच्या आत गर्भजल काढले, तर बाळाचे पाऊल वाकडे होण्याचे आणि गर्भपाताचे प्रमाण वाढते, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासाने दाखवले. दहा आठवड्यांच्या आत वारेची तपासणी केलेल्या काही बाळांच्या हातापायांत व्यंग आढळल्याची नोंद १९९१ पासून आहे. शिवाय कधी नमुना पुरेसा येत नाही, कधी त्यात आईच्याच पेशी मिसळतात, कधी निकाल संदिग्ध येतो. मग पुन्हा सुई.

हे वाचून कोणी म्हणेल, चाचणी वाईट. आमचे म्हणणे तसे नाही. ज्या जोडप्याच्या घरात गंभीर आनुवंशिक आजार आहे, त्याच्यासाठी ही चाचणी मोठा आधार असते. मुंबईतली शिकलेली, पैसेवाली बाई हाच आधार डॉक्टरला दहा प्रश्न विचारून घेते. आपल्या बाईला तो प्रश्न न विचारता का घ्यावा लागतो, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

आकड्यामागची अट

दोनशेत एकाहून कमी हा आकडा दिलासा देणारा आहे. पण त्यामागे एक अट आहे. नियमित सराव असलेला डॉक्टर, चांगले यंत्र, आधी तपासलेले रक्त, सुईनंतर विश्रांती आणि काही बिघडले तर जवळ रुग्णालय, हे सगळे असेल तेव्हाचा तो आकडा आहे.

आता ही अट घेऊन आमच्या दोन तालुक्यांत या. मुरबाडला रेल्वे नाही. टोकावडे किंवा धसईच्या आतल्या पाड्यावरून निघालेली बाई आधी चालत रस्त्यावर येते, मग जीप, मग मुरबाड, मग एसटीने कल्याण, मग लोकल. शहापूरला रेल्वे आहे, पण डोळखांबच्या आतल्या भागातून आसनगाव गाठेपर्यंतच अर्धा दिवस जातो. कसाऱ्याहून परळला लोकलने दोन तासांहून जास्त लागतात, तेही गाडी वेळेवर असेल तर. पावसाळ्यात रस्ता नसलेल्या पाड्यांवरून गरोदर बाईला झोळीत घालून आणल्याच्या बातम्या या दोन्ही तालुक्यांतून वारंवार येतात. सुई परळला टोचली आणि रात्री पाड्यावर पाणी जायला लागले, तर ती बाई कुठे जाईल? तिथल्या अंधारात तिची जोखीम दोनशेत एकाहून कमीच राहते का?

चाचणी झाली की डॉक्टर सांगतात, एक-दोन दिवस जड उचलू नका. भातसा, तानसा आणि वैतरणेची धरणे या शहापूर तालुक्यात नाहीतर त्याच्या अंगाला आहेत. मुंबईच्या नळाला येणारे पाणी इथून जाते. आणि इथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, नाहीतर डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढावा लागतो. ते हंडे गरोदर बाईही उचलते, कारण घरात दुसरे कोणी नसते. "जड उचलू नका" हा सल्ला योग्यच आहे. पण ज्या व्यवस्थेने तिच्या डोक्यावर हंडा ठेवला, तिच्याबद्दल त्या केसपेपरवर काहीच लिहिलेले नसते.

त्यात अंगात रक्त नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला थोडा रक्तस्रावही जड जातो.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो, की आजार शरीरात असतो पण त्याची वाटणी समाज करतो. ते वाक्य परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ या दोन तालुक्यांत फिरताना कळला. सुई सगळ्यांना सारखीच टोचते, पण सुईनंतरचा आठवडा जात, वर्ग आणि पत्ता बघून येतो.

सिकलसेल हा आपला विषय आहे

आमच्या भागात ही चाचणी ज्या कारणाने सांगितली जाते, त्यात सिकलसेल हे एक मोठे कारण आहे. ठाणे-पालघरच्या आदिवासी समाजात हा आजार आहे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण तो बौद्ध समाजाचाही आहे, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसते. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ साली, नागपूरकडच्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात तो असल्याचे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्या नागपुरात १९५६ साली आपण धम्म घेतला, त्याच भागातल्या आपल्या माणसांच्या रक्तात हा आजार होता आणि आजही आहे.

यात कोणाचे पाप नाही, कोणाचा दोष नाही. जिथे मलेरिया पिढ्यानपिढ्या होता, तिथे सिकलसेलच्या वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळाले, म्हणून हे जनुक टिकले. आणि जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली, त्यामुळे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढली. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहावर, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते. जातीच्या त्या कुंपणाचा हिशेब शरीरही मांडते, तो असा.

आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दुसरे एक बाळ पूर्ण निरोगी असण्याची शक्यताही चारात एकच, आणि निम्मी शक्यता वाहक असण्याची. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन चांगली निघतील, असा हिशेब नसतो. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक.

आसनगावच्या बाजूला कंपनीत कामाला असलेले एक जोडपे आम्हाला विहारातल्या आरोग्य शिबिरात भेटले. मूळचे विदर्भातले, आपलेच. थोरल्या मुलाला सिकलसेल. हिवाळा आला की त्याचे हातपाय दुखतात, रात्र रात्र रडतो. ताईंना पुन्हा दिवस गेले होते, जेमतेम नववा आठवडा. तालुक्यातून त्यांना मुंबईला वारेच्या तपासणीसाठी जायला सांगितले होते. दादा म्हणत होते, करूनच टाकू. ताई काहीच बोलत नव्हत्या. बायका बायकाच बसल्या, तेव्हा म्हणाल्या, "पहिल्या पोराचं दुखणं म्या पाह्यलं, म्हून चाचणी कराची हाय. पन् सुईनं पोटातल्या लेकराले काही झालं तं? हे कोनी सांगतच नाही."

ताईंच्या या एका प्रश्नात सगळा विषय आहे. त्यांना चाचणी नको नव्हती. त्यांना माहिती हवी होती. तालुक्यात त्यांना तारीख सांगितली गेली, पत्ता सांगितला गेला, उपाशी यायचे की नाही तेही सांगितले गेले. धोका मात्र कोणी सांगितला नव्हता.

मग आम्ही बसून वर लिहिलेली माहिती त्यांच्यासमोर ठेवली. अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर जायचे, त्याआधी नाही. रक्तगट कोणता? निगेटिव्ह. मग अँटी-डीचे विचारायचेच. काय आजार निघू शकतो आणि काय निघू शकत नाही? ही चाचणी जनुक सांगते. बाळाला दुखणे किती होईल, ते सांगत नाही. सिकलसेलचा कोणाला फार त्रास होतो, कोणाला कमी. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, लसी आणि वेळेवर उपचार मिळाले तर मूल शाळेत जाते, मोठे होते, काम करते. हेही निर्णय घेणाऱ्या आईला सांगायला हवे. नाहीतर आजारी मूल म्हणजे जगायला नालायक मूल, असा छुपा अर्थ निघतो. माणसांना शुद्ध-अशुद्धात वाटणाऱ्या व्यवस्थेशी आपण लढतो. तीच वाटणी गर्भात नेऊन ठेवायची नाही, एवढे भान आपण राखलेच पाहिजे.

मुंबईतल्या ज्या मोठ्या रुग्णालयात त्या गेल्या, तिथे त्यांच्यापुढे संमतीचा कागद आला. तो इंग्रजीत होता. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवली होती. ताई सातवी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "मराठीतला द्या, नाहीतर वाचून सांगा." बाहेर रांग होती, चिडचिड झाली. पण शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी दहा मिनिटे बसून सगळे सांगितले, मराठी कागद शोधून आणला आणि अँटी-डीची चिठ्ठीही दिली. मग ताईंनी सही केली. निकाल काय आला आणि पुढे त्यांनी काय ठरवले, ते इथे लिहिणार नाही. ते त्यांचे आहे. तो निर्णय माहितीने घेतलेला होता, एवढे सांगितले तरी पुरे.

"नाही" म्हणणारी बाईही बरोबर असते

दुसरी गोष्ट मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरी ताईंची. पाचवा महिना. सोनोग्राफीत काहीतरी शंका आली म्हणून त्यांना गर्भजल परीक्षण सांगितले. त्या गेल्या नाहीत. आशाताई वैतागल्या, "या लोकांना कितीही सांगा, कळतच नाही." आम्ही पाड्यावर जाऊन विचारले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी परत या म्हणतात. पंधरा दिवसांनी मी भट्टीवर. मालकाची उचल घेतलीय. मधेच पोटातून पाणी गेलं तर भट्टीवर कोण बघणार?"

यांना कळत नाही? वैद्यकीय पुस्तकात चाचणीनंतरची देखरेख म्हणून जे लिहिलेले असते, तेच त्या बाईने स्वतःच्या आयुष्याकडे बघून सांगितले. निकाल यायला दोन-तीन आठवडे, निकाल घ्यायला पुन्हा मुंबईची फेरी, मजुरी बुडणार, वीटभट्टीवर दवाखाना नाही. तिने सगळ्या जोखमी जोडून हिशेब केला आणि नाही म्हणाली. तिचा "नाही" अज्ञानातून आलेला नव्हता. तिच्यापुढे दुसरी वाट ठेवलीच गेली नव्हती.

यात कायद्याचे घड्याळही चालू असते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि वीस ते चोवीस आठवड्यांत काही ठराविक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. चोवीसनंतर बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. पहिली नोंदणीच सोळाव्या आठवड्यात झाली, अठराव्यात सुई, एकविसाव्यात निकाल, तर निर्णय घ्यायला त्या बाईच्या हातात किती दिवस उरतात? आणि गर्भ जितका मोठा, तितका गर्भपात आईच्या शरीराला जड. उशीर ही सुद्धा एक जोखीम आहे, आणि ती जंगलातल्या पाड्यावर जास्त असते.

संमती म्हणजे अंगठा नव्हे

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाचा, कारण हे कलम आपल्या सभांमध्ये कधीच वाचले जात नाही. १९९४ च्या प्रसूतिपूर्व निदान कायद्याच्या पाचव्या कलमानुसार डॉक्टरने तीन गोष्टी केल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. एक, चाचणीचे माहीत असलेले सगळे दुष्परिणाम, लगेचचे आणि नंतरचे, गरोदर बाईला समजावून सांगायचे. दोन, तिला समजेल अशा भाषेत तिची लेखी संमती घ्यायची. तीन, त्या संमतीची प्रत तिला द्यायची. संमती तिची हवी. कायदा तिथे नवऱ्याची किंवा सासूची सही मागत नाही. चाचणी कोणत्या आजारांसाठी आणि कोणत्या परिस्थितीत करायची, ते चौथ्या कलमात आहे. त्यात सिकलसेलसारखे रक्ताचे आनुवंशिक आजार येतात. आणि बाळ मुलगा की मुलगी हे कोणत्याही परिस्थितीत सांगायचे नाही.

म्हणजे जो कायदा आपण फक्त लिंगनिदानबंदीचा कायदा म्हणून ओळखतो, तोच गरोदर बाईच्या जाणून घेण्याच्या हक्काचाही कायदा आहे. ही अर्धी बाजू आपण लोकांपर्यंत नेलीच नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, हा डॉक्टरांचा विषय, चळवळीचा नाही. त्यांनी इतिहास बघावा. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार एकट्या आईवर टाकता येणार नाही. र. धों. कर्वे यांच्यावर समाजस्वास्थ्य मासिकासाठी खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागे बाबासाहेबच होते. बाईचे शरीर, तिचे बाळंतपण आणि तिचा निर्णय हा विषय त्यांनी राजकारणाच्या मध्यभागी आणला. आपण तो पुन्हा दवाखान्याच्या पडद्याआड ढकलून मोकळे होणार आहोत का?

आणि आपण तर बुद्धाला मानणारे. परंपरेने सांगितले म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, हे कालामांना सांगितलेले तत्त्व दवाखान्याच्या दारात चप्पल काढताना तिथेच सोडायचे नसते. डॉक्टरला प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरचा अपमान नव्हे.

मग करायचे काय

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत आजार संपवायचा, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीचे स्वागत आहे. पण निर्मूलन आजाराचे करायचे आहे, आजारी माणसांचे नाही. रक्त तपासून हातात कार्ड दिले आणि पुढे समुपदेशन नाही, औषध नाही, मुंबईला जायला गाडी नाही, तर त्या कार्डाचा एकच उपयोग उरतो, लग्न मोडायचा. कुंडली गेली आणि कार्ड आले, असे होऊ द्यायचे नाही.

म्हणून आपल्या गावातल्या, विहारातल्या मुलामुलींना आमचे सांगणे असे. वस्तीतल्या एखाद्या ताईला ही चाचणी सांगितली गेली, तर तिच्यासोबत जा आणि हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. चाचणी कोणत्या आजारासाठी आहे? बाळाच्या बापाचे रक्त तपासले का? बाप सिकलसेलचा वाहकही नसेल आणि त्याला रक्ताचा तसा दुसरा आनुवंशिक दोषही नसेल, तर त्या आजारासाठी सुईची गरजच राहत नाही. एका साध्या रक्ततपासणीने सुई वाचते.
२. आज कितवा आठवडा आहे? या आठवड्याला हीच चाचणी योग्य आहे का?
३. हे केंद्र नोंदणीकृत आहे का? डॉक्टर या चाचण्या नियमित करतात का? त्यांच्याकडे गर्भ गमावण्याचे प्रमाण किती?
४. आईचा रक्तगट कोणता? निगेटिव्ह असेल तर अँटी-डी कोण देणार?
५. एचआयव्ही आणि कावीळ तपासली का?
६. निकाल कधी मिळेल, किती खात्रीचा असेल, पुन्हा सुई लागू शकते का?
७. चाचणी केलीच नाही तर काय होईल?
८. रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? जवळच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी द्याल का?

घरी आल्यावर योनीमार्गातून पाणी किंवा रक्त गेले, थंडी वाजून ताप आला, पोटात कळा थांबत नसतील, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि चाचणीचा कागद सोबत न्यायचा.

हे झाले एकेका बाईपुरते. पण हक्क एकेकटीने मागायचा नसतो. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने बळ दिले आहे. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत ठराव घ्या. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच सिकलसेलची तपासणी व्हावी. ज्यांना मुंबईला पाठवले जाते त्यांना येण्याजाण्याची गाडी, चाचणीच्या रात्री रुग्णालयाजवळ मुक्काम आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. अँटी-डी शहापूर आणि मुरबाडच्या सरकारी रुग्णालयांत कायम उपलब्ध असावे. संमतीपत्र मराठीत असावे आणि ठाकरी, कातकरी बोलणाऱ्या बाईला तिच्या बोलीत समजावणारे माणूस तिथे असावे. यातली एकही मागणी चैनीची नाही. कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच हा तपशील आहे.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. बायकांना पुढे बसवा, आशाताईंना बोलवा, पाचवे कलम मोठ्याने वाचा. शिका हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. सही करण्याआधी शिकायचे, हा त्याचा दवाखान्यातला अर्थ.

जय भीम! नमो बुद्धाय!